शिसपेन्सिल आणि मूस

मराठीत आपण शिसपेन्सिल म्हणतो. उर्दूत पेन्सिलीच्या आतल्या काळ्या कांडीसाठी ‘सिक्का’ असा शब्द आहे. इथं सिक्का म्हणजे नाणं नव्हे, शिसं. अरबीत पेन्सिलीला ‘कलम रसास’ म्हणतात आणि रसास म्हणजेही शिसंच. जर्मन लोक ‘ब्लायश्टिफ्ट’ म्हणतात, म्हणजे शिशाची काडी. एकमेकींपासून इतक्या दूरच्या चार भाषा एकच गोष्ट सांगतात, आणि ती चुकीची आहे. आपण जिला पेन्सिल म्हणतो, तिच्यात शिसं नसतं. असतो तो ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. कोळसा आणि हिरा ज्या मूलद्रव्याचे, त्याच मूलद्रव्याचं हे तिसरं रूप.

मी मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे शब्दांच्या अशा गमती वर्गात सांगायला मला आवडतात. मुलं लगेच विचारतात, मग हे नाव पडलं कसं? मराठीपुरतं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे आधी पाटीवरची पेन्सिल होती. ती मऊ दगडाची, पांढरी रेघ उमटवणारी. कागदावर लिहिणारी काळी पेन्सिल आली तेव्हा तिला वेगळं नाव हवं होतं, म्हणून ती शिसपेन्सिल झाली. पण पेन्सिलीला ‘शिसं’ म्हणायची कल्पना आली युरोपातून, आणि तिच्या मागे सव्वादोनशे वर्षं टिकलेला एक गैरसमज आहे.

मेंढ्या, तोफगोळे आणि चित्रकार

इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाचं खोरं आहे. सोळाव्या शतकात तिथल्या डोंगरात काळ्या, चकचकीत, हाताला बुळबुळीत लागणाऱ्या दगडाचा मोठा साठा सापडला. मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करायचे. दिसायला तो शिशाच्या खनिजासारखा, म्हणून लोक त्याला काळं शिसं म्हणू लागले. त्याचे तुकडे कापून, लाकडात किंवा दोऱ्यात गुंडाळून लिहायला वापरायची पद्धत लवकरच युरोपभर गेली. कॉनराड गेसनर या स्विस विद्वानानं 1565 साली अशा लेखणीची नोंद केलेली आहे.

पण ब्रिटिश सरकारला या दगडाची काळजी होती ती चित्रकारांमुळे नव्हे. तोफेचे गोळे ओतायच्या साच्याला आतून हा दगड चोळला, की गोळा गुळगुळीत निघतो आणि साचा टिकतो. गोळा गुळगुळीत असेल तर तो लांब जातो. म्हणून खाणीवर पहारे बसले. 1752 साली ब्रिटिश संसदेनं खास कायदा करून या खाणीतली चोरी गंभीर गुन्हा ठरवली. एकाच खाणीतला एकच दगड चित्रकाराच्या हातात कोमल रेषा होत होता आणि तोफखान्यात गोळ्याची पॉलिश. कला आणि कारखाना यांची ही पहिली भेट. यानंतरच्या इतिहासात त्या दोघांची ताटातूट कधी झालीच नाही.

हे शिसं नाही, हे कळायला वेळ लागला. 1779 साली कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की हा कार्बनचाच प्रकार आहे. दहा वर्षांनी, 1789 मध्ये, अब्राहम वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञानं ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिलं. विज्ञानानं नाव सुधारलं, भाषांनी सुधारलं नाही. भाषेला घाई नसते.

एकाच कृतीचे दोन पदार्थ

आपल्या हातातली पेन्सिल मात्र बॉरोडेलची नाही, फ्रान्सची आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि फ्रान्सला चांगला ग्रॅफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते या माणसानं हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड केली, त्यात चिकणमाती कालवली, कांड्या वळल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. 1795 साली त्याला या पद्धतीचं पेटंट मिळालं. माती जास्त घातली की कांडी कडक होते आणि रेघ फिकी उमटते. ग्रॅफाइट जास्त घातला की कांडी मऊ होते आणि रेघ काळीभोर. दुकानात आपण एचबी, टूबी, सिक्सबी मागतो, तो सगळा माती आणि ग्रॅफाइट यांच्या प्रमाणाचा हिशोब आहे.

म्हणजे पेन्सिलीची कांडी हे खरं तर कुंभारकाम आहे. आणि इथंच मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट दिसते. ग्रॅफाइटची पूड, चिकणमाती, भट्टी. नेमक्या याच कृतीनं आणखी एक वस्तू बनते. ती म्हणजे मूस.

सोनार ज्यात सोनं वितळवतो आणि ओतारी ज्यात पितळ वितळवतो, ते भांडं म्हणजे मूस. उर्दूत तिला कुठाली म्हणतात. साधी मातीची मूस तापवताना आणि थंड होताना तडकते. ग्रॅफाइट मिसळला की ती उष्णता पटकन आत नेते, आकस्मिक तापमानबदल सोसते आणि वितळलेला धातू तिला चिकटत नाही. जर्मनीत पासाऊ शहराच्या परिसरात ग्रॅफाइट आणि मातीच्या मुशी काही शतकं बनत होत्या. युरोपातले सोनार आणि किमयागार त्या वापरायचे. 1856 साली लंडनच्या बॅटरसी भागात मॉर्गन बंधूंनी अशा मुशींचा मोठा कारखाना काढला. त्या काळात त्यासाठी लागणारा उत्तम ग्रॅफाइट यायचा सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून. त्याच मॉर्गन घराण्याचा वारसा सांगणारी ‘मॉर्गनाइट क्रुसिबल’ ही कंपनी आज आपल्या मराठवाड्यात, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मुशी बनवते.

मराठी माणसाचा आणि मुशीचा संबंध त्याहून जुना आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली ती सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कुठल्याही मोठ्या सराफ्यात जा, एखाद्या अरुंद गल्लीत भट्टीसमोर बसलेला मराठी गलाईवाला भेटतोच. त्याच्यासमोर मूस असते. आणि ज्या मुलाला तो गावाकडे पैसे पाठवून शिकवतो, त्याच्या दप्तरात पेन्सिल असते. दोन्हींची कूळकथा एक.

नाशिकच्या काळ्या दगडात नसलेली गोष्ट

नाशिकच्या डोंगरात ग्रॅफाइट नाही. आपला काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, बेसॉल्टचा. ग्रॅफाइट तयार होतो तो सेंद्रिय पदार्थ असलेले थर जमिनीखाली प्रचंड दाब आणि उष्णता सोसतात तेव्हा. भारतात त्याचे साठे ओडिशा, झारखंड, तमिळनाडू, अरुणाचल अशा ठिकाणी आहेत. तरीही ग्रॅफाइट हे नाव नाशिकच्या कामगाराला परकं नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ‘ग्रॅफाइट इंडिया’चा इलेक्ट्रोडचा कारखाना आहे, आणि अंबडला याच कंपनीत ग्रॅफाइटची रासायनिक यंत्रसामग्री बनते.

खाण नसताना कारखाना कसा? कारण हा ग्रॅफाइट माणसानं बनवलेला असतो. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन हा संशोधक विजेच्या भट्टीत प्रयोग करत होता. सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग प्रमाणाबाहेर तापलं, सिलिकॉन उडून गेलं आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट राहिला. 1896 साली त्यानं त्याचं पेटंट घेतलं. आज खनिज तेलापासून मिळणारा कोक आणि कोळशाच्या डांबरापासून मिळणारं पिच एकत्र मळतात, दाबानं त्याचे दंडगोल काढतात, ते भाजतात, पुन्हा पिच पाजून पुन्हा भाजतात आणि शेवटी त्यांतून वीज सोडून तापमान तीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. तेव्हा कार्बनचे अणू शिस्तीत रांगा धरतात आणि काळ्या कोळशाचा ग्रॅफाइट होतो. एक इलेक्ट्रोड तयार व्हायला काही महिने लागतात.

हे इलेक्ट्रोड, मोठ्या भट्ट्यांसाठी तर अर्ध्या मीटरहून अधिक जाड, पोलादाच्या आर्क भट्टीत वरून खाली सोडतात. त्यांच्या टोकाशी विजेची ज्योत पेटते आणि खालचं लोखंडी भंगार पाण्यासारखं वितळतं. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या वर उष्णता लागते, आणि ज्योत तर त्याहून कितीतरी तप्त. अशा ठिकाणी कुठलाही नेहमीचा धातू टिकणार नाही. ग्रॅफाइट टिकतो, कारण साध्या दाबाखाली तो वितळतच नाही. साडेतीन हजार अंशांच्या पुढे तो सरळ वायू होतो. शिवाय तो धातू नसूनही वीज वाहून नेतो. नाशिकमध्ये भंगाराच्या धंद्यात आपल्या समाजाची किती घरं आहेत, हे सांगायला नको. हातगाडीवरून गोळा झालेलं लोखंड शेवटी कुठल्या तरी भट्टीत जातं. त्यातल्या काही भट्ट्यांत त्याची गाठ पडते ती पेन्सिलीच्या या थोरल्या भावाशी.

आणि अंबडची यंत्रसामग्री? ग्रॅफाइटला आम्ल सहसा खात नाही. त्याची बारीक छिद्रं राळेनं बुजवली की तो गळत नाही. मग त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लासारखी, पोलादाला कुरतडणारी द्रव्यं थंड-गरम करता येतात.

घरात पाहा. मिक्सर मध्येच ठिणग्या टाकू लागला की मेकॅनिक म्हणतो, ‘कार्बन गेला.’ तो कार्बन म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा ग्रॅफाइटचा ठोकळा. आमच्या लहानपणी टॉर्चचे संपलेले सेल फोडून मुलं आतली काळी कांडी काढायची आणि तिनं भिंतीवर रेघोट्या मारायची. कुणी शिकवलं नव्हतं, पण सेलातली कांडी आणि पेन्सिलीतली कांडी यांचं नातं त्यांना कळलेलं होतं. आज मोबाइलच्या आणि ई-रिक्षाच्या लिथियम बॅटरीतही एका बाजूला ग्रॅफाइटच असतो. म्हणून तर 2023 साली केंद्र सरकारनं 30 अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, तिच्यात त्याचं नाव आहे.

कला आणि उद्योग, एकाच पाटीवर

आता चित्रकलेकडे येऊ. मुंबईची जे. जे. कलाशाळा सगळ्यांना माहीत आहे. 1857 साली ती सुरू झाली ती सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, आणि सुरुवातीच्या तिच्या नावात ‘कला आणि उद्योग’ असे दोन्ही शब्द होते. कारागिराला रेखाटन यावं, म्हणजे त्याची कारागिरी सुधारेल, हा त्यामागचा विचार. या विचारात साम्राज्याचा स्वार्थ होता, हे खरंच. पण रेखाटन हे फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्याचं काम नाही, ते लोहाराचं, सुताराचं, कुंभाराचंही काम आहे, हे त्यात गृहीत होतं.

त्याच शाळेत 1865 ते 1875 अशी दहा वर्षं जॉन लॉकवुड किपलिंग शिकवत होते. ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्ड किपलिंगचे हे वडील. 1870च्या सुमारास त्यांनी उत्तर भारतात फिरून कामात गढलेल्या कारागिरांची पेन्सिलीनं आणि शाईनं चित्रं काढली. लाकडावर कोरीवकाम करणारा, कापूस साफ करणारा, अशी माणसं. त्या चित्रांत चेहऱ्याइतकंच लक्ष हातांकडे आहे. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांसारखी माणसं तिथं ग्रॅफाइटच्या रेषेत बसलेली आहेत, पण बहुतेकांची नावं मात्र चित्रावर नाहीत.

दुसरं नाव आहे नसरीन मोहम्मदी यांचं. आपल्याच समाजातल्या असूनही आपल्याला ठाऊक नसलेल्या बाईंपैकी त्या एक. 1937 साली कराचीत जन्म, मुंबईत वाढ, लंडन आणि पॅरिसमध्ये शिक्षण, आणि 1972पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, प्राणी नाही. पांढरा कागद, आणि त्यावर पेन्सिलीच्या व शाईच्या अतिशय बारीक, सरळ रेषा. कधी जवळजवळ, कधी लांब, कधी तिरक्या. विणकराच्या मागावरचे धागे वाटावेत अशा, किंवा जाळीतून आलेल्या उन्हासारख्या. या रेषा काढायला त्या वापरायच्या ती हत्यारं चित्रकाराची नव्हती, ड्राफ्ट्समनची होती. कारखान्याच्या यंत्राचं रेखाटन ज्या टेबलावर आणि ज्या पट्ट्यांनी करतात, त्यांवर त्यांनी आपली कला उभी केली. पुढं मज्जासंस्थेच्या आजारानं हात साथ देईना, तरी रेषा सरळच राहिली. 1990 साली अलिबागजवळच्या किहीम गावी त्या वारल्या. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं आपली नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत नसरीन मोहम्मदींचं प्रदर्शन होतं. आपल्या चित्रांना त्यांनी सहसा शीर्षकही दिलं नाही.

‘ड्रॉइंग से पेट भरता क्या?’

हा सगळा इतिहास मी उगाच उगाळत नाही. दरवर्षी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचे अर्ज भरायची वेळ येते, आणि दरवर्षी दोन-चार हुशार हातांची मुलं गळतात. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा होता. त्याचा हात विलक्षण स्थिर. वडील एका ओतकामाच्या कारखान्यात. मी त्यांना बोलावलं. ते अदबीनं बसले आणि म्हणाले, “सर, आप कहते सो ठीक है, पर ड्रॉइंग से पेट भरता क्या? आगे तो इसको मेरे साथ ही आना है.”

मी त्यांना विचारलं, “भाई, साचा बंद करायच्या आधी तुम्ही आतून काय लावता?” ते म्हणाले, “काली पावडर. ग्रॅफाइट.” मी मुलाची पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, “यह वही है.” त्यांनी कांडी बोटावर घासून पाहिली. मग मी दुसरा प्रश्न विचारला, “साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न कशावरून बनवतात?” ते थोडा वेळ गप्प राहिले. “ड्रॉइंग पर से,” ते म्हणाले. “और ड्रॉइंग कौन बनाता?” यावर ते हसले. उत्तर त्यांना माहीत होतं. ड्रॉइंग बनवणारा वर पंख्याखाली बसतो, आणि तो त्यांच्या वस्तीतला नसतो.

प्रश्न इतकाच आहे. ग्रॅफाइटनं हात काळे होणं आपल्या मुलांच्या नशिबी आहेच. तो भट्टीजवळच्या पुडीचा काळा असेल की पेन्सिलीचा, की दोन्हींचा, हे ठरवायची संधी त्यांना मिळते का? काही घरांत सजीवांची चित्रं काढण्याबद्दल संकोच असतो, तो मी समजू शकतो. पण एलिमेंटरीच्या अभ्यासक्रमात स्थिरचित्र आहे, संकल्पचित्र म्हणजे नक्षी आहे, भूमिती आहे, अक्षरलेखन आहे. नक्षी, भूमिती आणि अक्षर, या तीन गोष्टींत तर आपल्या पूर्वजांनी जगाला थक्क केलं. खत्तात घराणी नावाजली, घुमट आणि जाळ्या उभ्या राहिल्या. त्यांचेच वारस आज चित्रकलेच्या तासाला गणिताची उजळणी करत बसतात, कारण तो तास ‘फुकट’ असतो. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतं. आयटीआयमध्ये फिटर किंवा टर्नर व्हायला गेलेल्या मुलाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग वाचावं लागतं, आणि अनेकजण अडतात ते तिथंच. आता हे रेखाटन संगणकावर होतं, असं कुणी म्हणेल. होतं, पण वस्तू तीन बाजूंनी डोळ्यांसमोर आणायची सवय संगणक देत नाही. ती कागदावर पेन्सिल फिरवूनच लागते.

त्या मुलाची फी वडिलांनी दुसऱ्या दिवशी भरली. मुलगा पास झाला. पुढं तो काय होईल, ते त्याचं आणि त्याच्या मेहनतीचं. मला एवढं कळतं की ओतकाम करणारा जर स्वतः रेखाटन करू शकला, तर तो ओतकामातही अधिक वरचढ ठरेल, आणि चित्रकार झाला तर त्याला भट्टीची धग माहीत असेल. हात आणि डोकं यांच्यात आपण जी भिंत बांधली आहे, ती या काळ्या पदार्थाला ठाऊक नाही.

एक पेन्सिल हातात घेऊन पाहा. तिचं लाकूड बहुधा पॉपलरचं असेल, आणि देशातल्या पेन्सिलींना लागणाऱ्या लाकडी पट्ट्यांचा फार मोठा भाग काश्मीरमधल्या पुलवामा जिल्ह्यातून, ऊखू गावाच्या परिसरातून येतो. तिच्या कांडीतली माती कुठल्या तरी नदीकाठची, ग्रॅफाइट कुठल्या तरी खाणीतला. तोडणारे, खणणारे, भाजणारे हात आपल्यासारख्याच माणसांचे. इतक्या हातांतून ही वस्तू आपल्या मुलापर्यंत पाच-दहा रुपयांत पोचते. येत्या परीक्षेचे अर्ज शाळेत आले असतील. घरात एखादं मूल वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारत असेल, तर रागावण्याआधी ते पान एकदा नीट पाहा, आणि अर्ज भरायची शेवटची तारीख शाळेत विचारा.